बोटीच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, इंजिन खोलू का?

तळ्यात_मळ्यात

राम राम मंडळी. एरवी इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस आज एक तेलकट प्रश्न घेऊन आलाय.

पानशेतच्या बॅकवॉटरला आमची एक जुनी फायबरची लाँच आहे. आमची म्हणजे मामांची. गुडघ्यांमुळे त्यांचं येणं बंद झालं, तेव्हापासून सुकाणू माझ्या हातात. मूळची ती कोकणातल्या खाडीतली. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, जीपच्या जातीचं, मरीन गिअरबॉक्स आणि पाण्याचा कूलर लावून बोटीत बसवलेलं. दोन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पूर्ण बांधून घेतलं: लायनर, पिस्टन, बेरिंगं, सगळं. त्यानंतर जेमतेम ८० तास चाललंय.

दुखणं असं. थंड इंजिन मारलं की काटा ४ किलोवर (म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो). गरम झाल्यावर आयडलला दीड. इथवर ठीक. पण २,२०० आरपीएमला दहा-पंधरा मिनिटं चालवलं की काटा ३ वरून उतरत उतरत एकच्या खाली जातो आणि शेवटी बझर बोंबलायला लागतो. थ्रॉटल कमी करून पाच मिनिटं थांबलं की परत दीड, जसं काही झालंच नाही.

एप्रिलमध्ये ऑइल आणि फिल्टर बदललाय. १५डब्ल्यू४०, पुस्तकात लिहिलंय तेवढं, फिल्टर धरून बरोबर ७ लिटर. तेल मोजायच्या पट्टीवर लेव्हल अगदी वरच्या खुणेला.

मेकॅनिक म्हणतो बेरिंगं गेली, हाफ इंजिन करावं लागेल, ४५ हजार. इंजिन बोटीतून उचलायची क्रेन वेगळी. खोलू का?

भोसरी_एमआयडीसी

बेरिंगं. दुसरं काही नाही. गरम झाल्यावर पडतंय म्हणजे बेरिंगातला क्लिअरन्स (फट) वाढलाय, तेल बाजूने निसटतंय. खोला आणि मोकळे व्हा.

सदाशिव_पेठ_४११०३०

पुण्यात बोट? आमच्याकडे नळाला पाणी नाही आणि तुम्ही बोट चालवताय. वाचतोय.

गावठी_मेकॅनिक

२०डब्ल्यू५० टाका, वर एक डबा ट्रीटमेंट टाका, काटा वर. मे महिन्यात १५डब्ल्यू४० पाण्यासारखं होतं.

निवृत्त_इंजिनरूम

काटा वर येईल हो, पण दुखणं कुठे जाणार? ताप आला की थर्मामीटर बदलायचा प्रकार आहे हा.

धागाकर्ते, घाईने खोलू नका. बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली निम्मी इंजिनं उगाच खोलली गेली असं आज वाटतं. आधी काही प्रश्न:

तो काटा इलेक्ट्रिक आहे की ऑइलची नळी थेट आत गेलेला? गेजवर विश्वास ठेवण्याआधी दुसऱ्या गेजने मोजलंत का? ऑइलला डिझेलचा वास येतो का? रंग दुधाळ आहे का? हे दुखणं ऑइल बदलण्याआधी होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रेशर आयडलला पडतं की वेगात पडतं? हे तुम्ही लिहिलंय, पण वरच्या दोन्ही प्रतिसादकांनी वाचलेलं दिसत नाही.

भोसरी_एमआयडीसी

वाचलंय काका. गरम झाल्यावर पडतंय एवढं पुरेसं आहे. अठरा वर्षं हेच करतोय.

निवृत्त_इंजिनरूम

भाऊ, रागावू नका, पण बघा. बेरिंग ढिलं झालं की त्रास आधी आयडलला दिसतो. पंप हळू फिरतो, तेल कमी ढकलतो, आणि गळतीची वाट मोठी. वेग वाढवला की पंप जास्त तेल देतो आणि काटा थोडा तरी सावरतो. अशा इंजिनांना ढोबळ हिशोब १,००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ किलो. यांचं आयडलला दीड आहे, चांगलंच आहे. पडतंय ते वेगात. म्हणजे पंपाला तेल मिळत नाहीये, नाहीतर तेलाबरोबर हवा मिळतेय. गेज खोटं बोलत नसेल तर, अर्थात.

मृगजळ

गेजबद्दल मी लिहिते, पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

बोटींच्या इलेक्ट्रिक गेजमध्ये दोन घराणी आहेत. सेंडर म्हणजे इंजिनावर बसून प्रेशर गेजला कळवणारा भाग. अमेरिकन सेंडर शून्य प्रेशरला २४० ओहम दाखवतो आणि प्रेशर वाढेल तसा ३३ पर्यंत उतरतो. युरोपियन सेंडर उलटा, १० पासून सुरू होऊन १८० पर्यंत चढतो. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या गेजला जोडला की काटा उलटा नाचतो, इंजिन बंद आणि काटा फुल! मामांनी मध्ये कधी गेज बदललं असेल म्हणून मला आधी हीच शंका आली. पण तुमचा काटा थंड असताना वर आणि गरम झाल्यावर खाली जातोय, म्हणजे दिशा बरोबर आहे. ही शंका बाद.

दुसरी शक्यता अर्थिंगची. बऱ्याच सेंडरना अर्थ त्यांच्या आट्यांतूनच मिळतो. कुणी टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळून बसवला असेल तर अर्थ सुटतो आणि काटा मनाला येईल तसा फिरतो. पण बझरचा स्विच वेगळा असतो, साधारण अर्ध्या किलोला लागतो. बझर आणि काटा दोघं एकाच वेळी एकच सांगत असतील तर मी इंजिनावर संशय घेईन, वायरींवर नाही.

मेकॅनिकल गेज नाना पेठेत मिळेल. जाताना सेंडर काढून बरोबर न्या. १/८ च्या आट्या दोन प्रकारच्या असतात, अमेरिकन एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ब्रिटिश बीएसपीला २८. डोळ्यांना सारख्याच दिसतात, दोन वेढे जातातही, आणि मग ब्लॉकच्या आट्या गेल्या की ४५ हजार वेगळे.

तळ्यात_मळ्यात

बाप रे, एवढे प्रतिसाद! धन्यवाद.

काटा इलेक्ट्रिक आहे, बझर वेगळा. शनिवारी गेज आणून लावतो. डिझेलचा वास येत नाही असं मला वाटतं, पण माझं नाक सायनसवालं आहे. दुधाळ नाही, काळं आहे. आधी हे दुखणं होतं का, ते सांगता येत नाही, कारण मामा हजाराच्या वर आरपीएम नेऊच देत नसत. मासे घाबरतात म्हणायचे.

हर्णैकर

मामांचो मी फॅन!

आमच्याकडे ट्रॉलरवर एक तांडेल होता. पट्टी काढून तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात धरायचा, हळू ताणायचा आणि सांगायचा, 'डिझेल उतरलंय.' कधी चुकला नाही. डिझेलचा फीड पंप इंजिनाच्या कुशीत असतो, त्याचा पडदा फाटला की डिझेल थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं. तेल पातळ होतं आणि पट्टीवर लेव्हल आपोआप वाढते. तेल न घालता लेव्हल वाढली तर आनंद मानू नका.

नाकावर भरवसा नसेल तर एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि रात्रभर ठेवा. काळ्या डागाबाहेर फिकट कडं लांब पसरलं तर डिझेल आहे असं समजा. आणि खाऱ्या पाण्यात चाललेली बोट आहे, तेव्हा ऑइल कूलर तपासा. आमच्याकडे तो आतून सडतो. चालू इंजिनात तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग दिसतो. इंजिन थांबलं की पाणी आत येतं. मग पट्टीवर ताक.

सदाशिव_पेठ_४११०३०

तवंग??? अहो, पानशेतचं पाणी खडकवासल्यात आणि तिथून आमच्या नळाला येतं! आजवर मी फक्त क्लोरीनच्या वासाबद्दल तक्रार करत होतो.

कोथरूडची_कोयना

सदाशिवपेठी, एकदाचं पाणी आलं म्हणायचं तुमच्याकडे. :)

विनोद बाजूला ठेवून, धागाकर्ते, मुद्दा खरा आहे. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) तेल असेल तर बिल्ज पंप ते सरळ जलाशयात फेकतो. शोषून घेणाऱ्या पट्ट्या टाका, आणि तोवर पंप ऑटोवर ठेवू नका.

पेशवाई_बखर

अवांतर: पुण्यात बोट म्हटल्यावर एवढं आश्चर्य कशाला? सारसबाग आहे तिथे पेशवाईत तळं होतं आणि त्यात नौकाविहार चालायचा. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा आहे. दापोडीला सीएमईमध्ये रोइंगचा चॅनल आहे, खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवतात. पुणेकर पाण्यात उतरतो, फक्त सांगत नाही.

गावठी_मेकॅनिक

पेशव्यांच्या होडीला ऑइल प्रेशरचा त्रास नव्हता.

जाळीत_अडकलेला

माझा अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. बोट नाही, मुळशीकडच्या शेतावरचा जुना डिझेल पंपसेट. अगदी हीच लक्षणं: आयडलला छान, लोड घेतला की प्रेशर खलास. तीन जणांनी तीन निदानं केली. शेवटी चेंबर खोललं तर सक्शनच्या जाळीवर केशरी रबराचे तुकडे, शेवया चिकटाव्यात तसे. आधी कुणीतरी पॅकिंग बसवताना सिलिकॉन सीलंट भरभरून लावलं होतं. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, ते सुटतं आणि जाळीला जाऊन बसतं. पंप बिचारा किती ओढणार?

तुमचं इंजिन दोन वर्षांपूर्वी बांधलंय, फक्त ८० तास. मी आधी जाळी बघितली असती. चेंबरच्या कडेला सीलंटचा जाड ओघळ दिसतो का?

भोसरी_एमआयडीसी

हे मात्र होतं. आमच्याकडे पोरांना ओरडून ओरडून थकलो, ट्यूब हातात आली की केक सजवल्यासारखी लावतात. पण मित्रा, बोटीत चेंबर काढायला खाली जागा कुठे? शेवटी इंजिन उचलावंच लागणार. मग उचललंच आहे तर बेरिंगंही बघून घ्या. फिरून तेच.

तळ्यात_मळ्यात

अपडेट. रविवारी सकाळी सहाला निघालो, साडेनऊला मेकॅनिकल गेज लागलं. (मृगजळ, सेंडर बरोबर नेल्याबद्दल आभार. माझ्याकडची बीएसपी निघाली, दुकानदार एनपीटी देत होता.)

थंड: ४. गरम आयडल: १.४. २,२०० ला सुरुवातीला ३.१, मग बारा मिनिटांत ०.८. म्हणजे जुना काटा खरं बोलत होता. एक नवीन गोष्ट दिसली: पडायला लागल्यावर या गेजचा काटा थरथरतो. जुना असा थरथरत नव्हता.

कागदावरचा डाग: काळा ठिपका, बाहेर पसरलेलं कडं जवळजवळ नाही. एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग नाही. चेंबरच्या कडेला सीलंटचा ओघळ थोडा आहे, शेवया म्हणण्याइतका नाही.

आणि बिल्जमध्ये बऱ्यापैकी तेल आहे. ब्रीदरच्या नळीतून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या) फवारा उडतोय. ते मी आधी लिहिलं नाही, कारण मामा म्हणायचे हे इंजिन पहिल्यापासून तेल खातं, दर मोसमाला लिटर-दीड लिटर वर टाकावंच लागतं.

भोसरी_एमआयडीसी

घ्या. ब्रीदरमधून फवारा म्हणजे रिंगाही गेल्या. हाफ इंजिन नाही, फुल करा.

निवृत्त_इंजिनरूम

८० तासांत रिंगा आणि बेरिंगं दोन्ही? आणि तरी थंड इंजिन फटक्यात सुरू होतं?

थरथरणारा काटा म्हणजे तेलात हवा. हवा येते दोन वाटांनी: सक्शन नळीच्या सांध्यातून, नाहीतर चेंबरमध्येच तेलाचा फेस होत असेल तर. पाच मिनिटं आयडलला ठेवलं की बरं वाटतं, हे फेस खाली बसण्यासारखंच आहे.

तळ्यातमळ्यात, एकच प्रश्न. एप्रिलमध्ये ७ लिटर घातलंत. काढलंत किती?

तळ्यात_मळ्यात

काका... मोजलं नाही. बोटीत खाली ड्रेन बोल्टपर्यंत हात जात नाही, म्हणून पट्टीच्या नळीतून हातपंपाने ओढलं. पंप हवा ओढायला लागला तेव्हा संपलं असं धरलं. जुन्या ५ लिटरच्या कॅनमध्ये मावलं एवढं आठवतंय.

निवृत्त_इंजिनरूम

बसा. चहा घ्या. मग वाचा.

जीपमध्ये हे इंजिन जवळजवळ सपाट बसतं. पट्टीच्या खुणा त्या बैठकीसाठी केलेल्या. बोटीत प्रोपेलरचा शाफ्ट मागे खाली उतरतो, म्हणून इंजिनही मागे झुकवून बसवतात. दहा-बारा अंश ही नेहमीची गोष्ट. आता तेल मागे गोळा होणार. तुमची पट्टी पुढच्या बाजूला असेल (आहे ना?), तर तिथे लेव्हल खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. मामा बिचारे कमी दिसलं की वर टाकत राहिले. जास्तीचं तेल मागच्या क्रँकच्या तडाख्यात सापडून घुसळलं गेलं आणि ब्रीदरमधून बाहेर उडालं. पुन्हा पट्टीवर कमी, पुन्हा टॉप-अप. 'इंजिन तेल खातं' ते हे. खात नव्हतं, ओकत होतं. हजार आरपीएमला घुसळण कमी, म्हणून मामांच्या काळात बझर कधी वाजला नाही.

त्यात तुम्ही पट्टीच्या नळीतून ओढलंत. ती पुढे, तेल मागे. मागच्या डबक्यात दोन-एक लिटर राहिलं असणार. त्यावर ७ ओतलंत. आणि पट्टी तरीही म्हणते, सगळं आलबेल.

ताक घुसळलं की लोणी येतं, तेल घुसळलं की फेस. फेस पंपातून गेला की प्रेशर कसं टिकणार?

हर्णैकर

काकांक दंडवत. आमच्याकडे नवीन इंजिन बोटीत बसवल्यावर पहिलं काम हेच. मापाने तेल ओतायचं आणि पट्टीवर कानशीने नवीन खूण करायची. एवढ्या वर्षांत मला कधी वाटलंच नाही की हे कुणाला सांगावं लागेल.

भोसरी_एमआयडीसी

शक्य आहे. पण नसलं तर खोलावंच लागेल, हे लिहून ठेवा. आणि वर्कशॉपने इंजिन सपाट स्टँडवर भरून दिलं तर त्यात वर्कशॉपची चूक नाही.

मृगजळ

कुणी चूक म्हटलंय, भाऊ? :)

झुकाव मोजायला फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरेल. फोन व्हॉल्व्ह कव्हरवर ठेवू नका, त्याला स्वतःचा उतार असू शकतो. ब्लॉकची एखादी यंत्रावर घासलेली सपाट कड शोधा.

जाळीत_अडकलेला

तेल पूर्ण काढण्यासाठी एक सोपी युक्ती: बोट ट्रेलरवर घ्या आणि ट्रेलरचं नाक खाली उतरवा, इंजिन सपाट होईपर्यंत, किंवा थोडं आणखी पुढे. तेल पट्टीच्या नळीकडे येईल. इंजिन आधी कोमट करून घ्या. आणि यावेळी मोजा!

सदाशिव_पेठ_४११०३०

आणि ते काढलेलं तेल कुठे टाकणार, तेही लिहा. मी वाट बघतोय.

तळ्यात_मळ्यात

सदाशिवपेठी, दोन झाकणबंद कॅनमध्ये भरून डिकीत आणलं. जिथून ऑइल घेतो ते दुकानदार जुनं तेल परत घेतात, त्यांच्याकडे दिलं. बिल्ज आधी पट्ट्यांनी पुसून काढली, पंप बंद ठेवून. एक थेंब तुमच्या नळाला आलेला नाही.

आता बातमी. झुकाव ११ अंश. पट्टी पुढच्या बाजूलाच आहे, मधल्यापेक्षा थोडी पुढे. ट्रेलरचं नाक उतरवून तेल ओढलं, मापाने मोजलं: ८.९ लिटर. जुना फिल्टर काढल्यावर त्यातलं वेगळं.

नवीन फिल्टर, मोजून ७ लिटर. बोट पाण्यात सोडली, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं, वीस मिनिटं थांबलो. पट्टी काढली तर तेल जुन्या वरच्या खुणेच्या पावणेदोन सेंटिमीटर खाली! खालच्या खुणेच्याही खाली. एरवी घाबरून लगेच वर ओतलं असतं. तिथेच कानशीने खूण केली.

मग २,२०० ला चाळीस मिनिटं, वरसगावकडच्या डोंगरापर्यंत जाऊन परत. ३.० वरून २.७ ला आला आणि तिथेच थांबला. थरथर नाही. बझर नाही. ब्रीदरच्या नळीला पांढरं फडकं बांधलं होतं, त्यावर एक पिवळसर डाग, बस.

मामांना फोन केला. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्याला बळेबळे जेवायला घालत होतो?"

कोथरूडची_कोयना

मामा!! :))

भोसरी_एमआयडीसी

अभिनंदन. मान्य. पण गरम आयडल १.४ आहे, नव्या बेरिंगांना मला ते थोडं कमी वाटतं. इतका वेळ फेसाळ तेलावर चाललंय, मागचं मेन बेरिंग आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं बेरिंग) चटकले असू शकतात. पावसाळ्यानंतर तेल बदलाल तेव्हा फिल्टर कापून कागदाच्या घड्या बघा. चमचमणारे कण दिसले तर बोलू. नाही दिसले तर माझ्याकडून चहा.

निवृत्त_इंजिनरूम

भाऊंशी शंभर टक्के सहमत. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा येणार नाही. आयडलचा आकडा दर महिन्याला गरम इंजिनावर वहीत लिहा, तेलाचं तापमान आणि आरपीएम तेच ठेवून. घसरत गेला तर बेरिंग, जागच्या जागी राहिला तर त्या इंजिनाची प्रकृतीच तशी.

गावठी_मेकॅनिक

पण २०डब्ल्यू५० टाकलं असतं तर?

निवृत्त_इंजिनरूम

तर ९ लिटर २०डब्ल्यू५० चा फेस झाला असता.

पेशवाई_बखर

धागा वाचनखूण म्हणून साठवला. बोट नाही, घेण्याची शक्यताही नाही. तरी साठवला.

सदाशिव_पेठ_४११०३०

चला, पाण्याचा प्रश्न मिटला. आता निरसन झालंच आहे तर पाहणी दौरा कधी?

तळ्यात_मळ्यात

येत्या शनिवारी, पाऊस यायच्या आत. लाइफ जॅकेटं पाच आहेत. एक माझं, एक मामांचं (गुडघे घेऊन येतायत, पट्टीवरची खूण स्वतः बघणार म्हणे). उरली तीन. इंजिनरूम काका आणि भोसरीचे भाऊ यांच्यासाठी दोन राखीव, समोरासमोर बसवणार आहे.